पन्हळीपासून पोफळीपर्यंत

वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस ज्या भूमीवर कोसळतो, त्याच भूमीच्या सड्यांवर वैशाखात हंडाभर पाण्यासाठी बायाबापड्यांना कोस-कोस चालावे लागावे, ही रत्नागिरी जिल्ह्याची विसंगती काही आजची नाही. आणि तिचे कारण मेघांच्या लहरीत शोधण्यापेक्षा जमिनीच्या उतारात आणि जांभ्या दगडाच्या सच्छिद्र पोटात शोधणे अधिक सयुक्तिक होय. सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्रापर्यंतची येथील रुंदी सरासरी साठ-पासष्ट किलोमीटर. एवढ्या आखूड टापूत पाण्याला सात-आठशे मीटर खाली उतरायचे असते, आणि ते रेंगाळत नाही. दिवाळी उलटली की पऱ्ह्ये रोडावतात, होळीच्या सुमारास त्यांचे कोंड उरतात, आणि पाडव्यानंतर कोंडांतही कातळ दिसू लागतो. अशा मुलखात ज्यांना नारळी-पोफळीची आगरे उन्हाळाभर शिंपायची होती, त्यांनी पाणी अडवण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, पाणी नेण्याच्या विद्येकडे लक्ष पुरवले; त्या विद्येचा प्रवास कोठून कोठवर झाला, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

या विद्येचे मूळ साधन म्हणजे पाट. पावसाळा संपून ओढ्याचे पाणी निवळले, की गावकऱ्यांनी मिळून दगड, माती, झाडांच्या फांद्या आणि पालापाचोळा यांचा कच्चा बंधारा घालावा, तुंबलेले पाणी डोंगराच्या कुशीने खोदलेल्या पाटात वळवावे, आणि त्या पाटाने ते वाडीवाडीतून फिरवावे, असा शिरस्ता दापोली-गुहागरकडील कित्येक गावांत पिढ्यानपिढ्या चालत आला. पाटाला उतार किती द्यावा, याचे गणित कोणत्याही दप्तरात नमूद नव्हते. उतार अधिक झाला तर पाणी पाटाचा तळ खरवडते, कमी झाला तर गाळ बसून पाट भरतो. या दोहोंमधला उतार साधायचा, तर दहा हात खोदावे, पाणी सोडून पाहावे, आणि पाणी सांगेल त्याप्रमाणे पुढचे दहा हात खोदावे, ही रीत. मध्ये घळ आडवी आली की पोफळीचे खोड उभे चिरून, आतला भुसभुशीत गाभा काढून, त्याची पन्हळ करायची व ती मेढींवर टेकून पाणी पैलतीरी न्यायचे. विहिरीवर लाट किंवा रहाट, त्याच्या तोंडाशी डोण, डोणीतून पुन्हा पन्हळ, आणि पन्हळीतून झाडाच्या आळ्यापर्यंत पाट, असा सारा कारभार उघड्या आकाशाखाली चाले.

पाण्याच्या पाळ्यांची वहिवाट मात्र कागदावर नसली तरी दगडावरच्या रेषेइतकी पक्की असे, आणि ती मोडल्यास होणारे तंटे खोतापासून मामलेदारापर्यंत व क्वचित दिवाणी न्यायालयापर्यंतही पोचत. त्या तंट्यांचा इतिहास हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. येथे एवढेच पुरे, की ज्याला पाळी राखायची त्याला पाणी ओळखावेच लागे. प्रवाह मध्यभागी वेगवान आणि काठाशी मंद असतो. वळणावर बाहेरचा काठ झिजतो, आतल्या काठाशी गाळ साचतो. अरुंदात पाणी धावते, रुंदात पसरून आळसावते: ही सारी निरीक्षणे आगरात फावडे धरणाऱ्या प्रत्येक गड्याला ठाऊक होती. दापोलीजवळच्या आसूद येथे केशवराजाच्या देवळात जाणाऱ्या यात्रिकाला या विद्येचे एक देखणे उदाहरण आजही पाहावयास मिळते. वरच्या अंगाच्या झऱ्याचे पाणी दगडी पन्हळीतून उताराउताराने देवळापर्यंत आणलेले आहे आणि ते गोमुखातून बारमाही पडत असते. श्री. ना. पेंडशांच्या ‘गारंबीचा बापू’ या कादंबरीची पार्श्वभूमी म्हणून हा परिसर मराठी वाचकाच्या परिचयाचा आहेच. परंतु त्या पोफळींच्या सावलीचे अर्धे श्रेय ज्या वाहत्या पाण्याला जाते, त्याच्याकडे समीक्षकांचे लक्ष कमीच गेले, असे मला वाटते.

आता या सर्व व्यवस्थेचा एक विशेष असा, की तीत पाणी आरंभापासून अखेरपर्यंत दिसते. जेथे ते अडले तेथे माणूस जाऊन उभा राहू शकतो. पाणी एकदा बंद नळात शिरले, की ही सोय संपते: नळाच्या दोन तोंडांशी काय घडते एवढेच कळते, मधले सारे अनुमानाचे. बंद नळातील पाण्याच्या शास्त्राची गेल्या दोन शतकांतील वाटचाल मला तरी मुख्यतः हे मधले पाणी पाहण्याच्या खटपटीची वाटचाल वाटते, आणि तिचे काही टप्पे आश्चर्यकारक रीतीने याच जिल्ह्यात, किंवा या जिल्ह्याच्या माणसांच्या आसपास, पडलेले आहेत.

निसर्गाने तर असा एक बंद नळ राजापुराजवळ उन्हाळे गावच्या डोंगरात आधीच घालून ठेवला असावा. राजापूरची गंगा साधारणतः तीन वर्षांनी प्रकट होते, चौदा कुंडे भरून वाहू लागतात, दोन-तीन महिन्यांनी ती जशी आली तशी अंतर्धान पावते. भाविकांनी तिला भागीरथीचा अवतार मानले. भूगर्भाचा विचार करणाऱ्यांनी असा तर्क केला, की डोंगराच्या पोटातील पोकळीतून निघणारा एखादा वाकडा मार्ग वक्रनलिकेप्रमाणे काम करीत असला पाहिजे, म्हणजे पोकळीतील पाणी त्या वाकाच्या माथ्यापर्यंत चढेपर्यंत काहीच वाहत नाही आणि एकदा माथा ओलांडला की पोकळी रिकामी होईतो वाहणे थांबत नाही. तर्क सयुक्तिक आहे. मात्र तो मार्ग कोणी पाहिलेला नाही, आणि गंगाही पंचांगाप्रमाणे वागत नाही.

देशावर बंद नळांची परंपरा बरीच जुनी. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी शहरास, म्हणजे पुढच्या औरंगाबादेस, भूमिगत नहरांनी पाणी पुरवले. १७४४ साली पुरी झालेली तेथील पाणचक्की दूरच्या झऱ्याचे पाणी खापरी नळांनी आणून, भिंतीतून उंच चढवून, मग खाली पाडीत असे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचा तलाव बांधून तेथील पाणी दगडी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणले. या नळाच्या मार्गावर ठिकठिकाणी उच्छ्वास नावाचे बांधीव मनोरे ठेवलेले होते. कोंडलेली हवा निघून जावी, दाबाचा जोर मर्यादेत राहावा आणि गाळ बसावा, एवढे हेतू त्या साध्या बांधकामात साधलेले असत. कोकणातून घाट चढून गेलेल्या त्या राज्यकर्त्यांच्या कारागिरांना समीकरणे ठाऊक नव्हती. पण बंद पाण्याला मधूनमधून तोंड उघडे ठेवावे लागते, हे ठाऊक होते. उच्छ्वासात डोकावून पाण्याची पातळी पाहिली म्हणजे त्या जागी नळातला दाब किती, हेच पाहिल्यासारखे झाले.

इंग्रजी अमदानीत ओतीव लोखंडाचा नळ आला. राजापुरास कोदवली येथील धरणाचे पाणी केवळ उताराच्या बळावर शहरात उतरते. ते धरण अद्यापि सायबाचे धरण या नावाने ओळखले जाते, ही त्या काळाची खूण. रत्नागिरी शहरालाही पानवलच्या धरणाचे पाणी पुढे असेच नैसर्गिक उताराने मिळाले, आणि शहर वाढल्यावर शीळ धरणाचे पाणी पंपांनी साळवी स्टॉपच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत चढवण्याची पाळी आली. उताराने येणाऱ्या पाण्याला खर्च नसतो असा समज आहे. वास्तविक उंचीचा प्रत्येक हात हे भांडवलच असते, आणि नळाच्या भिंतींशी होणारे घर्षण ते वाटेत खात असते. ते किती खाते, हा प्रश्न जर्मन अभियंता हागेन याने १८३९ साली आणि पॅरिसच्या प्वाझय नामक वैद्याने त्याच सुमारास, एकमेकांच्या नकळत, प्रयोगांनी सोडवला. वैद्याला त्यात रस होता तो केशवाहिन्यांतील रक्तामुळे. दोघांचे उत्तर एकच आले: शांतपणे वाहणाऱ्या द्रवाचे प्रमाण नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असते, म्हणजे नळीचा व्यास निम्मा केला तर तेवढ्याच दाबात पाणी सोळाव्या हिश्शाने येते. शहराच्या मोठ्या नळांना मात्र हा नियम लागू पडेना. तेथे फ्रान्समधील द्यीजों शहराच्या पाणीपुरवठ्याचा कर्ता दार्सी याने जुन्या-नव्या नळांवर प्रयोग करून १८५७ साली दाखवून दिले, की नळाच्या आतील पृष्ठाचा खडबडीतपणा हा स्वतंत्र हिशेबाचा विषय आहे.

दोन नियम, आणि दोन्ही आपापल्या जागी खरे. मग एकाची हद्द कोठे संपते? याचा उलगडा मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजातील प्राध्यापक ऑस्बर्न रेनॉल्ड्स याने केला, आणि त्याचे साधन इतके साधे होते की पेशव्यांच्या नळकऱ्यालाही ते समजले असते. त्याने काचेचा नळ घेतला, तो पाण्याच्या टाकीत ठेवून त्याच्या कर्ण्यासारख्या तोंडाशी रंगाची बारीक धार सोडली, आणि बाजूने पाहत बसला. पाणी सावकाश असताना रंगाचा धागा नळाच्या टोकापर्यंत सरळ, अभंग जाई; वेग वाढवीत नेला की एका विवक्षित वेगाशी तो तोंडापासून काही अंतरावर एकाएकी विसकटे व सारा नळ रंगून जाई; आणि विजेच्या ठिणगीच्या क्षणिक उजेडात पाहिले की त्या रंगात स्वतंत्र भोवरे वळलेले दिसत. वेग, व्यास आणि पाण्याची श्यानता (चिकटपणा) यांच्यापासून निघणारी एक शुद्ध संख्या या स्थित्यंतराचा निवाडा करते, आणि सर्वसाधारण नळात तो दोन हजारांच्या आसपास होतो, हे त्याने १८८३ साली प्रसिद्ध केले. आपल्या घरातील पंचवीस मिलिमीटर व्यासाच्या नळातून सेकंदाला अवघे दहा सेंटिमीटर वेगाने पाणी चालले, तरी कोकणातील उबदार पाण्याची श्यानता धरून ही संख्या तीन हजारांच्या घरात जाते. तेव्हा शांत प्रवाह ही गृहस्थाच्या नळात दुर्मीळ वस्तू आहे.

त्याच १८८३ साली पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले, आणि सरकारी चाकरीत शिरल्यावर त्यांच्या गळ्यात पडलेले आरंभीचे काम म्हणजे खानदेशात पांझरेच्या पाटाचे पाणी आडव्या ओढ्याखालून बंद नळाच्या वक्रनलिकेने पलीकडे काढणे. आगरातल्या गड्याने जेथे पन्हळ टाकली असती, तेथे सरकारी अभियंत्याने पाणी नळात कोंडून ओढ्याच्या तळाखालून नेले. मँचेस्टरचा तो निबंध तोवर धुळ्याला पोचला असण्याचा संभव नाही; कोष्टके आणि अनुभव यांवरच काम भागले.

आणि या सर्वांच्या मुळाशी असलेले समीकरण? ते केव्हाच तयार होते. फ्रान्सचा पूल बांधणारा अभियंता नाव्हिए याने १८२२ साली आणि केंब्रिजच्या स्टोक्स याने १८४५ साली द्रवाच्या गतीची जी अवकल समीकरणे मांडली, त्यांत पाटाचे वळण, प्वाझयची नळी आणि रेनॉल्ड्सचा भोवरा हे सर्व सामावलेले आहे. येथे रत्नागिरी जिल्ह्याचा संबंध पुन्हा अनपेक्षितपणे येतो. आंजर्ल्याजवळच्या मुर्डी गावी १८७६ साली जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, आपले नातलग व गणिताचे अध्यापक धोंडो केशव कर्वे यांच्या छायेत शिकून केंब्रिजला गेले आणि १८९९ साली गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत बर्टविसल या इंग्रज विद्यार्थ्यासह पहिले, म्हणजे सीनियर रँग्लर, ठरले. त्या वेळी केंब्रिजच्या गणिताच्या ल्युकेशियन अध्यासनावर वृद्ध स्टोक्स विराजमान होते, आणि द्रवगतिशास्त्र हा ट्रायपॉसच्या अभ्यासाचा नित्याचा भाग होता. पाटाच्या पाण्याच्या तालुक्यातून गेलेल्या त्या मुलाने ती समीकरणे कागदावर सोडवली असतीलच. परंतु ज्या थोड्या उदाहरणांत ती सुटतात तेवढीच. मुर्डी-आंजर्ल्याकडच्या कुठल्याही पाटाचे साधे वळण त्या कागदावर सुटले नसते, सीनियर रँग्लरकडूनही नव्हे, आणि स्टोक्सकडूनही नव्हे.

समीकरण हाती आणि उत्तर नाही, अशा कोंडीत अभियंत्यांनी प्रतिकृतीचा आश्रय घेतला. मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१६ साली पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासासाठी जी छोटी शाखा काढली, तिचेच पुढे खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र झाले. तेथे नद्या, बंदरे आणि सांडवे यांच्या लहान प्रतिकृती मोकळ्या मैदानांत आणि शेडमध्ये बांधून, त्यांतून खडकवासल्याचे पाणी सोडून, पाहण्याचे काम चाले व अजूनही चालते. या पद्धतीला एक जन्मजात अडचण आहे. नदी शंभरपट लहान केली, तरी पाणी तेच राहते. गुरुत्वाचे प्रमाण जुळवले तर श्यानतेचे जुळत नाही, आणि श्यानतेचे जुळवायला जावे तर वेग असंभाव्य होतो. मोठ्या नदीतले खळबळीचे पाणी चिमुकल्या ओहोळात सभ्यपणे वागू लागते, आणि त्याच्या त्या सभ्यपणाची भरपाई कशी करावी, हे अनुभवी माणसालाच कळते.

पन्हळीच्या या प्रदेशात बंद नळाचे सर्वांत भव्य रूप अवतरले ते चिपळूण तालुक्यात पोफळी येथे. कोयनेचे पाणी पश्चिमेकडे पाडून वीज करण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत टाटांच्या अभियंत्यांना सुचली होती. ती प्रत्यक्षात आणण्यास आरंभ केला तो स्वतंत्र भारतातील मुंबई राज्याने. कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयाचे पाणी सुमारे पावणेचार किलोमीटर लांबीच्या भुयारातून सह्याद्री ओलांडते, मग दाबाच्या उभ्या-तिरप्या विहिरींतून सुमारे पावणेपाचशे मीटर खाली डोंगराच्या पोटातील वीजगृहात कोसळते, आणि अवजल म्हणून वाशिष्ठीला मिळते. पहिली यंत्रे १९६२ साली फिरू लागली. वीजगृहाशी पाण्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सेहेचाळीस-सत्तेचाळीस पट. त्या जागी पाणी ही मऊ वस्तू राहत नाही.

पोफळीचे खरे मर्म मात्र पाणी चालण्यापेक्षा ते थांबवण्यात आहे. विजेची मागणी एकाएकी कमी झाली की यंत्राची झडप मिटावी लागते, आणि भुयारातून निघालेला प्रचंड जलस्तंभ धावतच असतो. रशियन गणिती झुकोव्हस्की याने मॉस्कोच्या नळांवर प्रयोग करून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवले, की पोलादी नळात सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारे पाणी क्षणात अडवले तर दाब शंभर मीटर उंच पाण्याइतका उसळतो, आणि ती उसळी ध्वनीच्या वेगाने नळभर मागेपुढे आदळत राहते. घरातला नळ झटकन बंद करताना भिंतीतून जो ठोका ऐकू येतो, तो याच कुळातला. त्या आघातापासून भुयार वाचावे म्हणून दाबविहिरींच्या माथ्याशी एक उंच उघडी उल्लोल विहीर ठेवलेली असते. झडप मिटली की धावते पाणी तीत चढते, पुन्हा उतरते, पुन्हा चढते, आणि हेलकावे घेत निवते. कात्रजच्या उच्छ्वासांचे हे वंशज होत, असे मी म्हटले तर अभियंत्यांनी रागावू नये. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवावयाच्या या पाण्यावर वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. कोयना प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी जलाशयाच्या तळाखालून खणत नेलेल्या भुयाराचा अखेरचा खडक-पडदा पाण्याखालीच सुरुंगाने उडवून तळ्याला तोंड पाडण्यात आले, आणि आशियातील तशा प्रकारचा पहिला प्रयोग म्हणून त्याचा गवगवा झाला. हवा कोंडलेल्या भुयारात तळ्याचे पाणी घुसते तेव्हा पहिल्या काही सेकंदांत आत काय होते, हे पाहण्यास तेथे कोणी उभा राहू शकत नाही. ते आधीच, गणिताने किंवा प्रतिकृतीने, पाहून ठेवावे लागते.

गणिताने पाहण्याची जी रीत आज जगभर चालते, तिच्या पायाशी एका मराठी माणसाचे नाव आहे, आणि ते महाराष्ट्रात जितके ठाऊक असावयास हवे तितके नाही. सुहास पाटणकर १९६२ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, म्हणजे विश्वेश्वरय्यांच्याच विद्यालयाचे, पदवीधर झाले; मुंबईच्या आय.आय.टी.तून एम.टेक. करून लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ब्रायन स्पॉल्डिंग यांच्या हाताखाली त्यांनी १९६७ साली डॉक्टरेट मिळवली. पुढे गुरुशिष्यांनी मिळून १९७२ साली जी पद्धत प्रसिद्ध केली, तिचे ‘सिंपल’ हे संक्षिप्त नाव आता द्रवगतीच्या बहुतेक प्रत्येक संगणकप्रणालीत सापडते. अडचण अशी होती: वेगाची समीकरणे सोडवायची तर दाब ठाऊक हवा, आणि दाबाला स्वतःचे समीकरणच नाही, त्याच्यावर बंधन एवढेच, की कोणत्याही कप्प्यात जेवढे पाणी आले तेवढे बाहेर गेले पाहिजे. पाटणकर-स्पॉल्डिंगांनी मामलेदार कचेरीतील जुन्या कारकुनासारखा मार्ग काढला: प्रवाहाचे लहान लहान कप्पे पाडावेत, दाब अंदाजाने धरावा, त्यावरून वेग काढावेत, प्रत्येक कप्प्याचा जमाखर्च तपासावा, जेथे मेळ बसत नाही तेथे त्या तुटीच्या प्रमाणात दाब दुरुस्त करावा, आणि सारी खातेवही जुळेतो हा फेरा चालू ठेवावा. दाब कप्प्याच्या मध्यावर आणि वेग त्याच्या सीमेवर लिहावा, ही युक्ती अमेरिकेत लॉस अलामॉस येथे हार्लो व वेल्श यांनी १९६५ साली काढलेली होती. ती न पाळल्यास एका घरात जास्त, शेजारी कमी असा सोंगट्यांच्या पटासारखा दाबही हिशेबाला खरा वाटतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. पाटणकरांचे १९८० सालचे पुस्तक जेमतेम दोनशे पानांचे आहे, आणि क्लिष्ट विषयाचे असे स्वच्छ लेखन मी क्वचितच पाहिले.

नळाचा प्रवाह हा या विद्येतला श्रीगणेशा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पहिला पाठ म्हणून तोच दिला जातो, आणि संगणकाचा वेळ वाचावा म्हणून तो दोन मितींत मांडायला सांगतात. येथे नवशिक्याची फसगत ठरलेली. तो पडद्यावर लांबट चौकोन काढतो, वरची व खालची बाजू भिंत ठरवतो, डावीकडून पाणी सोडतो आणि मधल्या वेगाची पुस्तकाशी पडताळणी करतो; पुस्तक म्हणते मध्याचा वेग सरासरीच्या दुप्पट, पडदा म्हणतो दीडपट. गणित चुकलेले नसते. त्याने काढलेला चौकोन नळाचा नव्हेच. तो दोन अमर्याद समांतर पत्र्यांमधल्या पाण्याचा आहे, आणि त्या पाण्यापुरते दीडपट हेच खरे. नळ दोन मितींत मांडायचा तर त्याचा उभा अर्धाच छेद घ्यावा, खालची कड भिंत न मानता अक्ष मानावी, आणि प्रत्येक कप्पा ही खरोखर अक्षाभोवतीची एक कडी आहे, भिंतीजवळची कडी मोठी व अक्षाजवळची लहान, हे संगणकाला सांगावे. त्यानंतरही मध्याचा वेग दुपटीला पोचेना, तर नळ आखूड पडला असे समजावे: रेनॉल्ड्सची संख्या दोन हजार असताना प्रवाहाला आपले पूर्ण रूप धारण करण्यास व्यासाच्या सुमारे एकशेवीस पट लांबी लागते, म्हणजे पंचवीस मिलिमीटरच्या नळात तीन मीटर. रेनॉल्ड्सने काचेतून बाजूने जे पाहिले, ते हे दोन मितींचे चित्र पुन्हा पाहू देते, आणि त्यात रंगाच्या एका धाग्याऐवजी प्रत्येक बिंदूचा वेग व दाब हाताशी असतो.

परंतु या चित्राची हद्द ओळखून राहावे. खळबळीचा प्रवाह स्वभावतः तीन मितींचा. त्यातले भोवरे ताणले जाऊन बारीक होत जातात, आणि हे ताणणे दोन मितींत घडूच शकत नाही. म्हणून तेथे भोवऱ्यांऐवजी त्यांच्या सरासरीचे प्रतिमान वापरावे लागते; इंपीरियल कॉलेजातच लाँडर व स्पॉल्डिंग यांनी १९७० नंतरच्या वर्षांत रूढ केलेले प्रतिमान अद्यापि मोठ्या प्रमाणावर वापरात आहे. दुसरी हद्द वळणाची. सरळ नळात अक्षाभोवती सारे सारखे असते. नळ वाकला की ही समता मोडते, मधले वेगवान पाणी बाहेर फेकले जाते, भिंतीलगतचे मंद पाणी आतल्या बाजूस परतते, आणि नळात एकमेकांविरुद्ध फिरणारी भोवऱ्यांची जोडी उभी राहते. नळाबाबत हे डीन या गणितज्ञाने १९२७-२८ साली सिद्ध केले. नदीच्या नागमोडीबाबत आइन्स्टाइनने १९२६ साली त्याच कारणाने समजावून सांगितले, की तळाचे पाणी आतल्या काठाकडे सरकते व गाळ तेथे टाकते. आगरातला गडी पाटाच्या वळणावर आतल्या काठचा गाळ फावड्याने ओढीत आला आहे, त्या गाळाचे कारण दोन मितींच्या अत्यंत सुबक नकाशात कोठेही उमटत नाही. त्यासाठी तिसरी मिती लागते, आणि तिच्याबरोबर कप्प्यांची संख्या हजारांवरून लाखांवर जाते.

आज आसूद-आंजर्ल्याकडेही पोफळीच्या खोडाची पन्हळ दुर्मीळ झाली; तिची जागा पीव्हीसीच्या नळाने घेतली, आणि तो नळ ज्या भुकटीपासून होतो ती भुकटी रत्नागिरीजवळ रनपार-गोळप येथील फिनोलेक्सच्या कारखान्यात १९९४ पासून तयार होत आहे. या नळाचा गुण म्हणजे त्याची गुळगुळीत अंतर्भित्ती. अमेरिकन प्राध्यापक मूडी याने १९४४ साली जो आलेख तयार केला, त्यात नव्या ओतीव लोखंडाचा खडबडीतपणा सुमारे पाव मिलिमीटर धरलेला आहे. प्लास्टिकचा त्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. शंभर मिलिमीटरच्या नळात नित्याच्या वेगाने पाणी चालत असता या एका फरकाने घर्षण दीडपटीने बदलते. संगणकाला हा खडबडीतपणाचा आकडा आयता द्यावा लागतो. तो त्याला स्वतः काढता येत नाही. नव्या नळासाठी आलेख आहे. जुन्या शहरांत पन्नास-साठ वर्षे पुरून असलेल्या लोखंडी नळात गंजाचे फोड आणि क्षारांचे थर चढून व्यासच बदललेला असतो, आणि तेथे मूडीच्या आलेखातला आकडा निरुपयोगी ठरतो; मग नगरपालिकेचा फिटर गळती काढताना नळाचा जो तुकडा कापून रस्त्याकडेला टाकतो, तो उचलून त्याच्या आतल्या थराची जाडी व खडबडीतपणा मोजावा, आणि ते आकडे संगणकात भरावेत.